भिंतीआडचा समुद्र

'फक्त प्रौढांसाठी' हे शब्द दिसले की आपल्याकडच्या माणसाला सिनेमाच्या पोस्टरवरचा 'ए' आठवतो आणि तो घाईघाईने पान उलटतो. पर्यटनाच्या धंद्यात मात्र या शब्दांचा अर्थ अगदी साधा, किंबहुना थोडा नीरसच आहे. अठरा वर्षांखालील (काही ठिकाणी एकवीस) कोणालाही आत प्रवेश नाही. पोहण्याच्या तलावात रबरी बदके नाहीत, जेवणाच्या टेबलापाशी बाळांच्या उंच खुर्च्या नाहीत आणि दुपारी तीन वाजता शेजारच्या खोलीत कोणी भोकाड पसरत नाही. याच्या जोडीला दुसरा शब्द येतो, 'ऑल इन्क्लुझिव्ह'. म्हणजे सगळे त्यात आले. खोली, तिन्हीत्रिकाळ खाणे, दारू, सरबते, शिडाची होडी, संध्याकाळचे गाणेबजावणे, आणि बहुतेक ठिकाणी बक्षिसीसुद्धा. एकदा पैसे भरले की पाकीट खोलीतल्या तिजोरीत ठेवायचे आणि मनगटाला एक पट्टी बांधून घ्यायची.

या दोन गोष्टींची सांगड घालून तयार झालेला माल कॅरिबियन बेटांवर, विशेषतः जमैकात, फार मोठ्या प्रमाणावर विकला जातो. मराठी घरात तो येतो तो बहुधा न्यू जर्सी किंवा टोरँटोमार्गे. तिकडे स्थायिक झालेल्या मुलांना ही सुटी परिचयाची असते. न्यूअर्कहून विमानात बसले की साधारण चार तासांत जमैकातील माँटेगो बे. डिसेंबर-जानेवारीत अंगावरचे कोट उतरवून वाळूवर पडायचे. मग आईवडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले, की मुलांच्या मनात येते, यांनाही एकदा पाठवू.

आमच्या ओळखीच्या एका जोडप्यापुढे हाच प्रस्ताव आला. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकूंनी सासू-सासरे, दोन दीर आणि तीन मुले असा प्रपंच ओढलेला. लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत होती. मुलाने जमैकाच्या पश्चिम टोकाला, नेग्रिलच्या किनाऱ्यावरील एका प्रौढांसाठीच्या रिसॉर्टमध्ये सात रात्री देऊ केल्या. काकूंचा पहिला प्रश्न होता, "नातवाला इथे सोडून आम्ही दोघांनी समुद्रावर बसून करायचे काय?" काकांचा प्रश्न वेगळा. जमैका म्हटल्यावर त्यांना समुद्र आठवलाच नाही. त्यांना आठवले किंग्स्टनचे सबायना पार्क, जिथे १९७१ साली दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या आणि अजित वाडेकरांनी वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला. "तिथून सबायना पार्क किती लांब?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मुलाने नकाशा उघडला आणि नेग्रिल व किंग्स्टन ही बेटाची दोन टोके आहेत असे दाखवले.

प्रस्ताव परत करणे शक्य होते. रद्द करण्याची मुदत बाकी होती. त्या निमित्ताने या सगळ्या प्रकाराचा जमाखर्च मांडून पाहावा असे वाटले.

खर्चाची बाजू आधी घेऊ, कारण ती सोपी आहे. पुण्या-मुंबईच्या 'अनलिमिटेड थाळी'चे शास्त्र ज्याला कळते, त्याला ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्टचे शास्त्र शिकवावे लागत नाही. थाळीचा मालक सरासरीवर जगतो. आठ पोळ्या खाणाऱ्याचे पैसे तीन पोळ्या खाणारा भरतो. समजा, रिसॉर्टचा दर दोघांना मिळून रात्रीला चारशे डॉलर आहे आणि त्याच गावात साध्या, स्वच्छ हॉटेलातील खोली दीडशेला मिळते. राहिले अडीचशे. दोघांनी बाहेर नीट दोन वेळा जेवायचे आणि एकदा होडीत बसायचे म्हटले तरी शंभर-सव्वाशेच्या पुढे जाणे कठीण. मग वरचे सव्वाशे कशाचे? ते मुख्यतः बारचे. सकाळी दहापासून रम आणि फळांच्या रसाची मिश्रणे घेणारा पाहुणा या थाळीतला आठ पोळ्यावाला. ज्यांच्याकडे दारू चालत नाही, किंवा संध्याकाळी एखादा ग्लास पुरतो, ते जोडपे आठवडाभर दुसऱ्यांच्या रमचे बिल भरत असते. हा हिशेब मराठी मध्यमवर्गीयाने आधीच करावा, म्हणजे नंतर 'वसूल करायचे' म्हणून पोटाला तडस लागेपर्यंत खाण्याची वेळ येत नाही.

शिवाय 'सगळे' म्हणजे सगळे नसते. मालिश आणि स्पा वेगळा, उंची वाइन वेगळी, वाळूवर दोघांसाठी मांडलेले मेणबत्तीचे जेवण वेगळे, बाहेरच्या सहली वेगळ्या. दर बहुधा 'एका खोलीत दोघे' असे धरून माणशी सांगितलेला असतो, त्यामुळे पुस्तिकेतील आकडा दुप्पट करून वाचायचा. रात्रीच्या काही भोजनगृहांत पुरुषांना पूर्ण पँट आणि बंद बूट लागतात. चपला घालून गेलेल्याला दारातून हसतमुखाने परत पाठवतात. आणि काही रिसॉर्टांत किनाऱ्याचा एक कोपरा विवस्त्र स्नान करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असतो. तो वेगळा आणि पाटी लावलेला असतो, चुकून पाय पडण्याची भीती नाही. पण ही माहिती सुनेने सासऱ्यांना सांगायची की मुलाने, हा त्या त्या घरचा प्रश्न!

आता जमेची बाजू. ती मोजायला कठीण, आणि माझ्या मते तिची नोंद पुस्तिकेत कुठेच नसते. काकूंनी चाळीस वर्षे दिवसातून दोनदा 'आज भाजी काय करायची?' हा प्रश्न सोडवला. वर्षाचे सातशे तीस वेळा, चाळीस वर्षांत एकोणतीस हजारांवर. रिसॉर्ट विकते ते सात दिवस, ज्यांत हा प्रश्न उद्भवतच नाही. कुठे जेवायचे, किती पैसे द्यायचे, टॅक्सीवाला फसवतो आहे का, पाण्याची बाटली घेतली का, यांतले काहीही ठरवायचे नसते. आपल्याकडची सहल म्हणजे पंधरा दिवसांत चौदा शहरे, पहाटे पाचला बॅगा दाराबाहेर, आणि परतल्यावर सहलीचा शीण घालवायला आणखी दोन दिवस रजा. त्या सहलीत बाई स्वयंपाक करत नाही हे खरे, पण गोळ्या, स्वेटर, लाडू-चिवड्याचे डबे आणि नवऱ्याचा चष्मा यांचे खाते तिच्याकडेच असते. काहीच न ठरवण्याचा आठवडा आपल्या बायकांपैकी फार थोड्यांनी पाहिला आहे.

'मुले नाहीत' या अटीचाही अर्थ इथे उलगडतो. मुलांचा तिटकारा असलेले लोक तिथे जातात असे नव्हे. तलावाकाठी लोळणाऱ्यांत घरी दोन-तीन मुले आजीकडे ठेवून आलेली जोडपी भरपूर असतात. मूल समोर असले की आईचे डोळे त्याच्यावर असतात, मग ते स्वतःचे असो वा परक्याचे. पाण्याच्या कडेला धावणारे कुठलेही पोर पाहून काकू उठून उभ्या राहतील, याविषयी मला शंका नाही. ते पोरच नसल्यामुळे त्या बसून राहू शकतील. आणि चाळीस वर्षे एका घरात राहिलेल्या दोन माणसांना, मध्ये कोणी नसताना, एकमेकांशी बोलायला काय सुचते, हेही एकदा कळेल. यात थोडा धोका आहे, पण तो घेण्यासारखा आहे.

इथवर जमाखर्च बरोबरीत सुटतो. पण या खात्यात एक तिसरा पक्ष आहे, तो म्हणजे ते बेट. ही कल्पना जमैकात रुजली कशी, हे पाहिल्याशिवाय त्याचा हिशेब लागत नाही.

सगळे आधी भरून सुटी घेण्याची युक्ती मूळची युरोपातली. १९५० साली जेरार बिल्ट्झ नावाच्या बेल्जियन खेळाडूने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे तंबू ठोकून 'क्लब मेद' सुरू केला. युद्धाने थकलेल्या लोकांना समुद्र, ऊन आणि सामुदायिक जेवण, असा साधा मामला. पुढे तिथे बारमध्ये पैशांऐवजी गळ्यातल्या माळेतले मणी चालू लागले. पैसा दृष्टीआड केला की माणसे सारखी होतात, असे त्यामागचे काहीसे भाबडे तत्त्व होते. नेग्रिलमध्ये १९७६ साली 'नेग्रिल बीच व्हिलेज' निघाले ते याच वळणाचे. जॉन इसा या जमैकन हॉटेलवाल्याने १९७८ मध्ये ओचो रिओस इथे फक्त जोडप्यांसाठी 'कपल्स' उघडले. १९८१ साली माँटेगो बे इथे गॉर्डन ऊर्फ 'बुच' स्टुअर्ट यांनी एक मोडकळीला आलेले हॉटेल घेऊन 'सँडल्स' सुरू केले. हे गृहस्थ तोवर वातानुकूलन यंत्रे विकत होते. स्टुअर्ट २०२१ साली वारले तेव्हा त्यांचा पसारा अनेक बेटांवर गेलेला होता. ('जोडपे' म्हणजे स्त्री आणि पुरुष, ही सँडल्सची अट मात्र २००४ सालापर्यंत टिकून होती.)

पण तंबूंतला भाबडेपणा जमैकात आला नाही. इथे आली भिंत, आणि तिला कारण होते. मायकेल मॅनली पंतप्रधान असतानाची १९७२ ते १९८० ही वर्षे जमैकात कमालीच्या राजकीय वैराची होती. १९७६ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात सुमारे आठशे माणसे मारली गेली. किंग्स्टनच्या वस्त्यांतील गोळीबाराच्या बातम्या न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत येत आणि इकडे उत्तर किनाऱ्यावरची हॉटेले ओस पडत. हे सगळे घडत होते राजधानीत, डोंगरापलीकडे, पण घाबरलेल्या गिऱ्हाइकाला नकाशा समजावून सांगता येत नाही. तेव्हा त्याला असे सांगण्यात आले, की तुम्हाला बाहेर पडण्याची गरजच नाही. विमानतळावरून आमची गाडी, आत सगळे, आणि परत विमानतळ. 'सगळे त्यात आले' याचा खरा अर्थ 'देश त्यात आला नाही' असा होता, आणि गिऱ्हाइकाला नेमके तेच हवे होते. पुढेही प्रसंग आले. जानेवारी २०१८ मध्ये माँटेगो बे ज्या परगण्यात आहे तिथे गुन्हेगारीमुळे आणीबाणी लागली आणि परदेशी सरकारांनी आपापल्या नागरिकांना रिसॉर्टच्या आवारातच राहण्याचा सल्ला दिला. अलीकडच्या वर्षांत तिथल्या खुनांची संख्या बरीच उतरली आहे. भिंतींची उंची काही उतरलेली नाही.

धंदा म्हणून ही युक्ती यशस्वी झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. जमैका म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या सव्वापटीहून थोडे मोठे बेट, वस्ती अठ्ठावीस लाखांच्या आसपास. बॉक्साइट आणि साखर यांचे दिवस उतरल्यावर परकी चलन आणणारे जे थोडे धंदे उरले, त्यांत पर्यटन अग्रभागी. हजारो घरांची चूल त्यावर पेटते. पण अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने १९९४ साली जमैकाच्या पर्यटनाचा अभ्यास केला, तेव्हा एक अडचणीचे सत्य बाहेर आले. ऑल इन्क्लुझिव्ह हॉटेलांची कमाई सर्वांत मोठी होती, पण कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे ती इतर हॉटेलांपेक्षा जास्त माल बाहेरून आणत आणि कमी माणसांना काम देत. हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. ज्याच्या मनगटावर पट्टी आहे, तो रस्त्यावरच्या खानावळीत कशाला जेवेल? आतले जेवण त्याने आधीच विकत घेतले आहे. पुढे स्पेनच्या मोठ्या कंपन्या शेकडो खोल्यांची हॉटेले घेऊन आल्या, तसतशी ही तक्रार वाढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये किनाऱ्यावरील काही मोठ्या हॉटेलांतील कामगार पगार आणि कंत्राटी नोकरी यांवरून काम थांबवून रस्त्यावर उतरले. काकूंची खोली आवरणारी बाई सकाळच्या पाळीसाठी अंधारात घरून निघते. तिची मुले बहुधा तिच्या आईकडे असतात. 'मुले नाहीत' ही अट अशा रीतीने तिलाही लागू होते.

त्याहून गंभीर प्रश्न वाळूचा. जमैकात १९५६ सालचा, म्हणजे स्वातंत्र्याच्या सहा वर्षे आधीचा, इंग्रजांच्या राजवटीतला एक किनारा नियंत्रण कायदा आहे. भरती-ओहोटीमधली जमीन त्याने सरकारजमा केली, पण सामान्य माणसाला तिथे जाऊन आंघोळ करण्याचा सरसकट हक्क काही दिला नाही. किनाऱ्यामागची जमीन ज्याची, त्याला परवाना मिळतो. परवाना असला की कुंपण येते. बेटावर जन्मलेल्या माणसाला आपल्या गावच्या समुद्रात उतरायला तिकीट काढावे लागते किंवा पहारेकऱ्याशी हुज्जत घालावी लागते, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. गेल्या काही वर्षांत तिथल्या चळवळीतल्या लोकांनी एकेका किनाऱ्यासाठी दावे लावले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली वाट बंद करता येत नाही, हा त्यांचा मुख्य आधार. शेजारच्या बार्बाडोसमध्ये सगळे किनारे सार्वजनिक आहेत आणि तिथे म्हणून काही पर्यटक यायचे थांबले नाहीत.

आपल्याला हे दुरून पाहण्याचे कारण नाही. गोव्यात पणजीजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरून एका पंचतारांकित हॉटेलाशी वर्षानुवर्षे खटला चालला. २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की समुद्रावर जाण्याची वाट लोकांची आहे आणि तिच्यावरचे बांधकाम काढावे. त्याच वर्षी राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवले. गणपतीपुळ्याला किंवा हर्णैला आपण चपला हातात घेऊन सरळ पाण्यात शिरतो, तेव्हा हा एक हक्क आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. तो असा नकळत असतो तेव्हाच खरा.

नेग्रिलला या बाबतीत थोडे बरे आहे. तिथल्या किनाऱ्याचे नाव 'सेव्हन माइल बीच', प्रत्यक्षात लांबी चार मैलांच्या आसपास. जाहिरातीला गणित लागू नसते! तिथे सार्वजनिक भागही आहे आणि पाण्याच्या कडेकडेने बरेच अंतर चालत जाता येते. रिसॉर्टच्या हद्दीत पहारेकरी उभा असतो. गावातले विक्रेते, लाकडी मासे, शंख, मणी, नारळ घेऊन, त्याच्या नजरेच्या टप्प्यात पण हद्दीबाहेर थांबतात आणि पाहुण्यांना हाका मारतात. पाहुण्यांना त्यांचा त्रास वाटतो. रिसॉर्टच्या पाहुण्यांकडून आपल्याला काही मिळवायचे तर त्या हाका मारण्यापलीकडे मार्ग राहिलेला नाही, हे विक्रेत्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते.

ती वाळूही आपोआप आलेली नाही. नेग्रिलची पांढरी वाळू म्हणजे प्रवाळ आणि सागरी गवताच्या कुरणांत वाढणाऱ्या चुनखडीयुक्त जीवांचा चुरा. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि वाळू बाहेर टाकतो. पाहुण्यांना पायाखाली गवत नको असते, म्हणून किनाऱ्यालगतचे गवत काढले जाते. पोपटमासा ताटात येतो. सांडपाण्याने प्रवाळ मरतो. गेली अनेक वर्षे हा किनारा झिजतो आहे. म्हणजे ज्या वाळूसाठी हॉटेले आली, ती तयार करणारा कारखानाच त्यांनी मंदावत आणला.

आणि वादळ. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ नेग्रिल ज्या वेस्टमोरलंड परगण्यात मोडते, त्याच्याच दक्षिण किनाऱ्यावर आदळले. जमैकाच्या नोंदीतले हे सर्वांत जोरदार वादळ. ब्लॅक रिव्हर हे जुने गाव जवळजवळ उद्ध्वस्त झाले. पश्चिमेकडची अनेक मोठी हॉटेले त्यानंतर बरेच महिने बंद राहिली. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम, आणि स्वस्त दरांचाही. तेव्हा जाणाऱ्याने विमा उतरवावा, आणि दर पाहण्याआधी आवाराचा कोणता भाग चालू आहे व कोणता दुरुस्तीत आहे हे लेखी विचारावे. त्याचबरोबर मला असेही वाटते, की वादळानंतरच्या काळात तिथे जाणे हे न जाण्यापेक्षा चांगले. पाहुणे नसतील तर पहिली नोकरी जाते ती खोल्या आवरणाऱ्या बाईचीच.

मग सल्ला काय द्यायचा? जे दमले आहेत, ज्यांना पाहण्यापेक्षा पडून राहण्याची गरज आहे, त्यांनी खुशाल जावे; तीन किंवा चार रात्रींसाठी. चौथ्या दिवशी बहुतेक सगळे रिसॉर्ट सारखेच वाटू लागते. तोच गायक, तीच गाणी, बुफेतली तीच कलिंगडे. विश्रांती पोटभर झाली की पुढे उरतो तो कंटाळा, आणि त्याचाही दर रात्रीला चारशेच असतो. जे प्रवासाला निघाले आहेत, त्यांनी या भिंतीच्या आत पैसे घालवू नयेत. लहान मुले बरोबर असतील किंवा सगळे कुटुंब एकत्र जाणार असेल, तर गावातले भाड्याचे घर घ्यावे. अशी घरे मिळतात, बऱ्याचदा स्वयंपाकीणही मिळते, आणि हे पैसे गावातच राहतात.

शाकाहारी माणसाची गंमत तर वेगळीच होते. आत बुफेवर त्याला पास्ता, उकडलेली गाजरे आणि सॅलड यांवर आठवडा काढावा लागतो आणि तो घरी येऊन सांगतो, तिकडे आपल्यासारखे काही मिळत नाही. भिंतीबाहेर जमैकन माणूस सकाळी 'कॅलालू' खातो, तो म्हणजे आपला माठ, कांदा आणि तिखट मिरची घालून परतलेला. नाताळात भातात 'गुंगो' शिजतात, ते म्हणजे तुरीचे दाणे. नीरफणस भाजून खातात. कोकणातल्या परसातला हा फणस कॅप्टन ब्लायने १७९३ साली ताहितीहून जमैकात आणला, तो मळ्यावरच्या गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी. काही रिसॉर्टांत आठवड्यातून एक 'जमैकन रात्र' असते, तेव्हा यांतले काही थोडे ताटात पडते, पण मिरचीचा जोर काढून टाकलेला.

काका-काकूंनी शेवटी सातातल्या चार रात्री ठेवल्या आणि तीन सोडल्या. त्या तीन रात्री किंग्स्टनला, एका छोट्या हॉटेलात. सबायना पार्क बाहेरून तरी दिसेल, अशी काकांची अपेक्षा. काकूंनी मुलाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, की रिसॉर्टच्या चार दिवसांपैकी एका दुपारी दोघे फाटकाबाहेर पडतील. मुलाला ते धोक्याचे वाटले. नेग्रिलहून सॅव्हाना-ला-मारकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाल नंबरप्लेटच्या वाहतूक टॅक्सी दिवसभर धावतात. लाल प्लेट म्हणजे परवाना असलेली गाडी, तेवढी पाहून बसायचे. स्थानिक लोक असतात, कोंबड्या असतात, गाणी मोठ्याने चालू असतात.

त्याच वाटेवर लिटल लंडन नावाचे गाव लागते. नाव लंडनचे, पण गावात पिढ्यान्‌पिढ्या भारतीय वंशाची घरे. १० मे १८४५ रोजी 'ब्लंडेल' हे जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बेमध्ये लागले, त्यातून हिंदुस्थानी मजूर प्रथम उतरले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १९१७ पर्यंत असे छत्तीस हजारांवर लोक आले, बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले, कलकत्त्याच्या बंदरातून. वेस्टमोरलंडच्या उसात त्यांच्यातले पुष्कळ राबले. बोली गेली, आडनावे राहिली. बोकडाच्या मटणाची करी सगळ्या जमैकाने आपली म्हणून उचलली, आणि तिच्याशिवाय तिकडे लग्न लागत नाही. मे-जून-जुलैत त्या बाजूला रस्त्याच्या कडेला आंबे विकायला बसतात. जमैकन माणूस ज्या दोन जातींसाठी जीव टाकतो, त्यांतल्या एकीचे नाव 'ईस्ट इंडियन'. दुसरी आकाराने लहान, पिकल्यावरही सालीला हिरवी छटा राहणारी. सुरी घेऊन ती मधोमध आडवी गोल कापायची, दोन्ही अर्धे उलट दिशांनी पिळायचे, की बाठा सुटून येतो आणि चमच्याने आंबा खाता येतो. तिला तिथे 'बॉम्बे' म्हणतात.